अक्काचं मागणं

अक्का कधी खुर्चीला पाठ टेकून बसली नाही. कोणाकडेही गेली तरी खुर्चीच्या कडेला टेकायची. आईची हाक आली की पटकन उठता यावं म्हणून.

ती मूळची निपाणीची. वडील गेले तेव्हा शिक्षण सोडून बेंगळुरूच्या एका कारखान्यात टायपिस्ट झाली. धाकट्या भावाला, बाळूला, इंजिनिअर केलं, बहिणीचं लग्न लावलं. मी लग्न होऊन राजाजीनगरात तिच्या समोरच्या घरात आले, तोवर घरी ती आणि अंथरुणाला खिळलेली आई एवढ्याच उरल्या होत्या. कुठलंही काम सांगा, अक्का कानडीत म्हणायची, "सरी." म्हणजे बरं, ठीक.

रविवारी दुपारी माझ्याकडे काही मराठी मंडळी पुस्तक वाचायला जमत. एकदा आम्ही घरासाठी झिजणाऱ्या थोरल्या मुलीची एक जुनी, गाजलेली कादंबरी घेतली. ती मुलगी आलेलं स्थळ परत पाठवते, ते प्रकरण अक्काच्या वाट्याला आलं. तिनं ते विजेचं बिल वाचावं तसं वाचलं. बाकीच्या बायका डोळे पुसत होत्या. इंदिरानगरहून येणारी आयटीतली मुलगी म्हणाली, "अक्का, तुम्ही सेम तिच्यासारख्या! किती ग्रेट!"

"तिचं बरं आहे की," अक्का म्हणाली. "शेवटचं पान आलं की सुटते. मला उद्या सकाळी आईची चादर बदलायचीय."

सगळे हसले. बँकेतून निवृत्त झालेले एक विधुर काका तेवढे हसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी अक्काला सरळ लग्नाचं विचारलं.

माझ्या स्वयंपाकघरात मटार सोलताना तिनं मला हे सांगितलं. "मला हो म्हणायचंय गं. हसू नको." मी हसले नव्हते. पन्नाशी उलटलेली बाई एवढी लाजते हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

काका आईलाही सांभाळायला तयार होते. पण जावयाच्या घरी राहणार नाही, म्हणून आई हटून बसली. राहिला बाळू. त्याचं देवनहळ्ळीला नवं, ऐसपैस घर होतं. तो बायकोला घेऊन अक्काकडे आला तेव्हा मीही तिथं होते.

"बाळू, आईला आता तू ने. मला जरा माझं बघायचंय."

"अगं अक्का, तुझ्यासारखं आमच्याकडून होणार आहे का?"

"खरंच अक्का," त्याची बायको म्हणाली, "तुम्ही म्हणजे देवमाणूस."

अक्कानं त्याच्या ताटात आणखी एक डोसा वाढला. "सरी," म्हणाली.

ते गेल्यावर मी चिडून विचारलं, "लग्नाचं का नाही बोललीस?"

"मागून झालं की. कारण सांगून मागायचं म्हणजे भीक झाली."

काका बरेच दिवस थांबले, मग मुलीकडे धारवाडला गेले. काही वर्षांनी आई गेली आणि तिच्या मागोमाग अक्काही. छातीत गाठ होती. आईच्या दुखण्यात दाखवायचं राहून गेलं होतं.

तेराव्याला अक्काचं घर भरलं होतं. फोटोला हार घालताना बाळूला रडू आवरेना. "अक्कानं स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही," तो म्हणाला. सगळ्यांनी माना हलवल्या.

"मागितलं होतं," मी म्हटलं. "तुझ्याकडेच. याच खोलीत."

"माझ्याकडे? कधी?"

तो नाटक करत नव्हता. तशाच ओल्या डोळ्यांनी त्यानं बायकोकडे पाहिलं. तिलाही आठवत नव्हतं.