सुनील आन् देवीचा ठोकळा

...आन् त्याचं ते चालनं बघितलंस ना, सेजल? छाती पुढं, हनवटी वर, जसा काय रस्ता यानंच बांधून दिलाय. लिही तू, मधलं काय सोडू नको. सुनील आपल्याच वाडीतला, पोलादपूरच्या अंगाचा. मुंबईला फर्निचरच्या दुकानात लाकूड घासून आला आन् बिरवाडीत कंप्युटरवर चालनारी कापायची मशीन टाकली. दरवाज्यावर मोर म्हनशील तर मोर, गनपती म्हनशील तर गनपती. मशीन चांगली हाय हो. मशीनचा काय दोष नाय.

सुनीलला जन्मात एकच गोष्ट पायजे व्हती, शिमग्याला सोमजाईच्या पालखीचा पयला खांदा. तो मान गोमाजीच्या घराचा. सुनीलचा बाप पालखीमागं नारळाची गोनी वाहत चालायचा, ते याच्या मनात कुसळासारखं रुतलेलं.

गेल्या शिमग्याला पालखी नाचवताना देवीचं रूपं कलंडलं. रूपं म्हंजे चांदीचा मुखवटा गो. आतनं पोकळ, सोमा गुरव त्यात फडकी कोंबून बसवतो. सुनील तिथंच पुढं झाला, बोलला, आत घट्ट बसंल असा सागाचा ठोकळा मी करून देतो, पन पयला खांदा माझा. गोमाजीचे खांदे आता दुखतात. तो बोलला, देवीला नीट बसव, मंग खांदा तुझा.

आता रूपं शिमगा सोडून पेटीबाहेर येत नाय, आन् आतली बाजू गुरवाबिगर कोन बघत नाय. गावाला विचारलं असतं तर गावानं कौल लावला असता. पन विचारायचं म्हंजे सोमा गुरवापुढं मान वाकवायची, आन् सुनीलच्या मानेला तेवढा सांधाच नाय दिलेला देवानं. त्याच शिमग्यात पालखी त्याच्या दारात आली, बाया ओवाळत व्हत्या, तेवढ्यात यानं ते स्कॅन करायचं यंत्र फिरवलं, नटलेल्या देवीच्या तोंडावरनं.

बिरवाडीत त्याच्याकडं कंप्युटरवर तेजश्री म्हनून पोरगी बसते. तिनं समजावलेलं मला. एका वस्तूचं अंग कंप्युटरात उचलायचं, आन् त्याच अंगानं दुसरं लाकूड कापायचं. मंग दोन्ही एकमेकांत बसतात, करवंटीत खोबरं बसावं तशी. पन अंग कुठलं उचलायचं ते बघाय नको? ती त्याला बोलली, “सर, हे बाहेरचं अंग आहे, आपल्याला आतलं पाहिजे. निदान नथ तरी काढू दे यातली.”

“देवीच्या अंगावरचं काढनारी तू कोन?” सुनील बोलला. “हाय तसं काप.”

नोकरी हाय तिची. कापलं तिनं.

यंदा पालखी सजवायला सगळा गाव सहानेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, जमला. सुनील कोरा करकरीत शर्ट घालून, मोबाईल पुतन्याच्या हातात, व्हिडिओ काढायला. ठोकळ्यावरची मखमल बाजूला केली. देवीचेच डोळे, देवीचेच ओठ, आन् नाकात लाकडाची नथ, चांगली बोराएवढी. सोमानं रूपं वर धरलं. जाईल कसं? जेवढं रूपं बाहेरनं, तेवढाच ठोकळा. टोपात तोच टोप बसवायला निघाला हा शाना. बायांनी पदर तोंडात कोंबले. मागनं कोन तरी बोललं, “नथ उतरव रे आदी तिची, मंग जाईल आत.”

चुकतं मानूस. गोमाजीनं वाट पन दिली त्याला, बोलला, घे वाकस आन् तास जरा. तासलं असतं तर खांदा मिळाला असता, हसत हसत मिळाला असता. पन मशीनच्या कामाला वाकस लावायचा म्हंजे चूक कबूल करायची, आन् सगळ्या गावासमोर. सुनीलचे कान तापले. बोलला, “माझा ठोकळा बरोबर हाय. रूपंच आकसलंय. सोनाराकडनं तानून घ्या.”

हसनं थांबलं. गोमाजीनं ठोकळा मखमलीत गुंडाळला, त्याच्या हातात दिला. “घरी ने. तुझ्या लाकडासाठी देवी तानायची नाय.”

सोमानं फडकी कोंबली. पयला खांदा गोमाजीनं घेतला, दुखरा तर दुखरा. आन् सुनीलनं काय करावं? मखमल बाजूला होते तिथपत्तुरच व्हिडिओ ठेवून सगळीकडं पाठवला. ठोकळा टीव्हीशेजारी मांडलाय, पाव्हन्याला सांगतो, देवीची सेवा केली. आन् ठोकळा आत बसला का म्हनून कोनी विचारलं, तर तेजश्रीनं फाईल बिघडवली म्हनतो. बापानं नारळाची गोनी वाहिली ती सरळ पाठीनं वाहिली. हा मोकळा चालून पन वाकडा.

बरं, सकाळच्या एसटीनं तू महाडला जाशील, तवा वाटेत बिरवाडीला उतर आन् तेजश्रीला एवढं सांग. गावानं कौल लावला, देवीनं उजवा दिलाय, म्हंजे होकार. रूपं अजून सहानेवर हाय, पेटीत जायच्या आदी ये आन् आतनं माप घे. सोमा स्वता धरून देईल, नथ काढून.