केतकीची नोकरी आणि डावा कौल

ताईने मला फोनवर मोहीमच दिली. "तीन दिवस केतकीला घेऊन कुठेतरी जा, आणि येताना तिच्याकडून हो वदवून आण!"

केतकी म्हणजे माझी भाची. मेकॅनिकल इंजिनियर झाली, वर्षभर इकडेतिकडे फिरली, आणि आता हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलं होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आईबाप डोंबिवलीत देव पाण्यात घालून बसलेले, आणि ही बया नुसतं "बघते" म्हणतेय. भाऊजी, म्हणजे तिचे बाबा, रंगाच्या कारखान्यात स्टोअर्स सांभाळतात. त्यांनी तर हैदराबादचं भाडं, हवामान, रेल्वेच्या वेळा, सगळं काढून ठेवलं होतं.

मी म्हटलं, देते बाई तुला हो आणून. मी एकटी जीव, गाडी माझी, शुक्रवारची रजा शिल्लक. फेब्रुवारी संपता संपता रायगडच्या किनाऱ्यासारखी जागा नाही, उकाडा सुरू व्हायचा असतो आणि हॉटेलवाले जरा सवडीने बोलतात. तर मंडळी, हा आमचा रस्ता: ठाणे, पेण, अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर आणि माणगाववरून परत.

सकाळी लवकर निघालात तर पेणपर्यंत तक्रारीला जागा नाही. वडखळच्या पुढे मात्र कंबर सांभाळा. अलिबागला पेट्रोल भरून घ्या, कारण मुरूडच्या रस्त्यावर समुद्र इतका लागून येतो की काट्याकडे लक्ष राहत नाही. रेवदंड्याचा पूल ओलांडेपर्यंत माझं हैदराबादच्या बिर्याणीपासून पगारापर्यंत सगळं गाऊन झालं होतं. केतकीने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, "मावशी, तू या रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला कशी लागलीस गं?"

आता खोटं कशाला बोलू? मैत्रिणीची मुलाखत होती, मी सोबतीला गेले होते. डॉक्टरांनी तिला रक्ताची नळी धरायला दिली आणि ती धाडकन आडवी झाली. नळी मी पकडली, तिलाही मीच उचललं. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून तुम्हीच या. शिक्षण, सर्टिफिकेट ते सगळं नंतर. मैत्रिणीचं आता साड्यांचं दुकान आहे, झकास चाललंय.

"म्हणजे तू काही ठरवलं नव्हतंस," केतकी म्हणाली.

"ते वेगळं," मी म्हटलं. आणि समोर कुणी नसताना हॉर्न वाजवला.

मुरूडला मुक्काम केला. सुरमईची थाळी चारशेच्या आतबाहेर, सोलकढी मागाल तितकी. खोली साधी पण स्वच्छ, आणि संध्याकाळी वाळूवर चालायला भरपूर जागा. मोहिमेची प्रगती शून्य.

शनिवारी सकाळी आगरदांड्याच्या धक्क्यावर गेलो. इथून फेरीबोटीत गाडी चढवायची आणि खाडीपलीकडे दिघीला उतरायचं. सुट्टीच्या दिवशी लवकर जा आणि रोख पैसे जवळ ठेवा. बोटीवर दोरखंड सांभाळणारा एक मध्यमवयीन माणूस होता, पेणकडचा. केतकीने त्याला गाठलंच. "काका, तुम्ही या कामात कसे आलात?"

तो हसला. "आमचे मिठागर व्हते. बापूस बोलला, आता मिठात काय रायला नाय, टरक चालव. टरक घेवन हिते आलो. टरक बोटीन चढवला, आन बोटवाल्यांचा मानूस त्या दिवशी आलाच नाय. मना बोलले, जरा दोरी धर. तवापासून धरलेली हाय."

"आणि ट्रक?"

"भावाला दिला. त्याला बोट लागते. पोटात ढवळते त्याच्या."

केतकी खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी हसली असेल, मला बरंच वाटलं. पण मोहिमेच्या दृष्टीने हे काही चांगलं लक्षण नव्हतं. जो भेटेल तो वाट चुकून पोचलेला!

दिवेआगरला आम्ही सुलभाकाकूंकडे उतरलो. घराच्या मागच्या बाजूला तीन खोल्या, पुढे सुपारीची बाग, आणि जेवायला वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, वर उकडीचे मोदक. मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात, विसरू नका. काकू म्हणाल्या, लहानपणापासून त्यांना खानावळच काढायची होती, आणि काढली. मी टेबलावर थापच मारली. "बघ! ठरवलं की होतं!"

"ठरवलं होतं गिरगावात काढायची," काकू मोदकावर तूप ओतत म्हणाल्या. "नवरा इथला मिळाला, मग इथे."

मी कपाळाला हात लावला.

रात्रीची जेवणं आवरल्यावर काकूंनी विचारलं की पोरगी अशी गप्प गप्प का. मी सगळी कथा सांगितली. त्या म्हणाल्या, "एवढं घोडं अडलंय तर कौल लावा ना. उद्या हरिहरेश्वरला जाताच आहात, श्रीवर्धनच्या पुढे माझं माहेर लागतं. देवीच्या गुरवाला फोन करून ठेवते."

कौल ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, घराचा पाया, सगळं अजूनही असं विचारून चालतं. माझा यावर विश्वास आहे का? मी रोज रक्त तपासते हो. पण हैदराबादला उजवा कौल मिळाला तर माझं काम आपोआप होणार होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

रविवारी सकाळी देऊळ सापडायला थोडा वेळ लागला. रस्त्यावरून जांभ्याच्या पायऱ्या खाली उतरतात, कौलारू लहानसं देऊळ, आजूबाजूला काजू. गुरव अंगात सदरा घालत घाईने आला. एरवी तो सहा आसनी रिक्षा चालवतो. केतकीने तोंड उघडायच्या आतच मी त्यालाही तो या कामात कसा आला ते विचारून टाकलं, म्हणजे तेवढं उरकलं.

"आमचं जल्माआधीच ठरल्यालं," तो म्हणाला. "रिक्षा मातर मीच ठरवली."

पाकळ्या लावून त्याने केतकीकडे पाहिलं. "बोल बाय, काय इचारायचं?"

"मी काय करू, ते विचारा," केतकी म्हणाली.

गुरवाने हात खाली घेतला. "असं न्हाय चालत. देवीला सल्ला न्हाय इचारायचा, सल्ला द्यायला घरची मानसं हायत. तू काय करनार ते ठरवून सांग. देवी व्हय का न्हाय, तेवढंच बोलनार."

मी हळूच कोपराने ढोसलं. म्हण की, हैदराबादला जाते म्हणून!  केतकीने डोळे मिटले आणि ती भडाभडा बोलली, "मला हैदराबादला नाही जायचं. मला ठाण्यात कृत्रिम पाय बनवतात तिथे काम करायचंय. मी कॉलेजात असताना तिथे गुडघ्याचा सांधा बनवायचं काम केलं होतं. ते बोलावतायत मला. पगार निम्मासुद्धा नाही."

 वर्षभर पोरगी "बघते, बघते" म्हणत होती, आणि तिचं तर कधीच बघून झालं होतं!

गुरव शांतपणे गाऱ्हाण्याला लागला. "आई, ही लेक ठाण्यावरनं तुज्या पायाशी आलीय. हिला लाकडाचे पाय करायचेत..."

"लाकडाचे नाही हो, फायबरचे," केतकी डोळे मिटूनच म्हणाली.

"आईला फायबर कळत न्हाय," गुरव म्हणाला आणि त्याने गाऱ्हाणं पुढे चालू ठेवलं.

मग आम्ही बघत राहिलो. बाहेर कुठेतरी कोंबडा आरवत होता. मी कुणाच्या बाजूने होते, मलाच कळेना. आणि पडली. डावी!

केतकीचा चेहरा असा उतरला की मला रडूच यायला लागलं. अहो, मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मला त्या पाकळीचा राग आला! मी गुरवाला म्हटलं, वारा आला असेल, परत लावा. त्याने मान हलवली. डावा कौल म्हणजे दार लागलं असं नसतं, काहीतरी राहिलेलं असतं, ते आधी शोधायचं. कुणाचा मान, कुणाची परवानगी. त्याने केतकीला विचारलं, "घरात कुनाला सांगायचं राह्यलंय का?"

"बाबांना," केतकी म्हणाली.

"मग आधी त्यांना सांग. पुन्हा ये, पुन्हा लावू."

देवळापाशी रेंज नाही. पायऱ्या चढून रस्त्यावर आलो, काजूच्या सावलीत उभं राहून तिने फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून फोन मी धरला, स्पीकर लावून. तिने सगळं सांगितलं, पायांचं, पगाराचं, कौलाचं.  भाऊजी म्हणाले, "देवीला आधी सांगितलंस? आणि मला नंतर?"

"बाबा, तुम्ही एवढं सगळं काढून ठेवलं होतंत, भाड्याचं, गाड्यांचं... मला सांगवेना."

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रागावले असते तर परवडलं असतं. त्या "बरं"ने केतकी रस्त्याच्या कडेला बसून ढसाढसा रडली, आणि मी तिच्या शेजारी बसून रडले.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा ओहोटी होती, नशीब. इथली रीत अशी: आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव. डोंगराच्या पायथ्याने खडकांवरून प्रदक्षिणा आहे, पण ती ओहोटीलाच करायची. वेळ देवळात विचारून घ्या आणि उगाच शहाणपणा करू नका, लाट सांगून येत नाही. खडकांवर लाटांनी कोरलेली नक्षी बघण्यासारखी आहे. आम्ही बघितली, पण अर्धं लक्ष फोनकडे. ताईचा आला. "काय केलंस गं तू हे? हो आणायला पाठवलं होतं तुला!" मी म्हटलं, "ताई, मी काही केलं नाही, देवीने केलं." तिने फोन आपटला.

परतीचा रस्ता म्हसळ्यावरून माणगावला, पुढे मुंबई-गोवा हायवे. माणगावात जेवण उरकून घ्या, पुढे रविवारच्या संध्याकाळी गाड्यांची रांग लागते. भाऊजींचा फोन काही आला नाही. ठाण्याजवळ केतकी म्हणाली, "बाबा बोलले नाहीत तर मी हैदराबादला हो म्हणून टाकेन, मावशी. मला त्यांना असं नाही बघवत." तिला डोंबिवलीला सोडून मी घरी आले, तर अंथरुणावर पडूनही झोप येईना.

पुढचं सोमवारी घडलं. सकाळी भाऊजींनी कारखान्यात रजा कळवली. आजवर तापातसुद्धा कामावर जाणारा माणूस! केतकीला म्हणाले, "चल, दाखव तुझे पाय." ती सांगते, पाय बनवतात तिथे ते आधी नुसते बघत हिंडले. एक भाजीवाल्या बाई नवीन पाय लावून आधाराच्या दोन दांड्यांच्या मध्ये पहिल्यांदा उभ्या राहत होत्या, पडायला भीत होत्या. भाऊजी आपणहून दांड्यांच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या, मी आहे इथे." त्या आल्या. भाऊजी तिथून दुपारी उशिरा निघाले.

संध्याकाळी मी डोंबिवलीत हजर. ताई माझ्याशी बोलत नव्हती, पण पुऱ्या मात्र माझ्याही धरून तळत होती. केतकीने हैदराबादला नकार कळवला होता. भाऊजींनी तिच्या पाठीवर नुसती थाप मारली. हुश्श झालं सगळ्यांना. मी म्हटलं, आता पुन्हा कौल लावायला जायला हवं, गुरवाने बोलावलंय.

"मी पण येणार," भाऊजी म्हणाले.

"बाबा," केतकीने विचारलं, "तुम्ही या नोकरीत कसे आलात?"

सगळ्या किनाऱ्याला विचारत सुटली होती पोरगी, पण घरात हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. तिने नाही, ताईने नाही, मीही नाही. भाऊजी ताटातल्या पुरीकडे बघत म्हणाले, "आमच्या वडिलांचे एक मित्र चहाला आले होते. म्हणाले, रंगाच्या कारखान्यात स्टोअर्सला जागा आहे. वडील म्हणाले, हा येईल. मी आत केस विंचरत होतो."

"तुम्हाला विचारलं नाही?"

"नाही. मीही काही बोललो नाही." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "देवीला नंतर सांगेन, आधी तुम्हाला सांगतो. मला ती नोकरी सोडायची आहे. फार दिवसांपासून."

ताईच्या हातातला झारा तेलावरच थांबला. मला वाटलं, आता भडका उडणार. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली.

"मग करायचं काय आहे तुम्हाला?" तिने विचारलं. "नीट सांगा. मी ऐकतेय."