नव्या मशीनवर फोडलेला नारळ

केडगावच्या भीमराजचं डोकं मुळातच तापट. पण त्या साली ते भडकलं, त्यात त्याची काय चूक होती, तुम्हीच सांगा.

नगरच्या एमआयडीसीत मिसरूड फुटल्यापासून तो लेथ चालवत होता. सत्त्याण्णव साली मालक आबासाहेबांनी कॉम्प्युटरवरचं मशीन आणलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला म्हणे दर्जा हवा! जुने लेथ भंगारात गेले, जोडीदार घरी बसले. तेव्हा भर कारखान्यात भीमराज ओरडला होता, "वाटोळं होवो ह्या मशीनचं!" तरी हात चांगला म्हणून मशीन त्याच्याच ताब्यात आलं. लेकरांच्या तोंडाकडं बघून त्यानं राग गिळला आणि काम शिकून घेतलं.

खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची. भीमराज बौद्ध, तो मशीन लख्ख पुसायचा आणि बाजूला उभा राहायचा. त्या साली आबासाहेबांनी नेहमीसारखा नारळ थेट नव्या मशीनवर फोडला. लेथवर वर्षानुवर्षं फोडलेच होते की! कुणाच्या मनात काही आलं नाही, भीमराजच्याही नाही. पाणी फटीतून पॅनलमध्ये उतरलं. दसऱ्याची सुट्टी संपवून भीमराजनं बटण दाबलं आणि आतून धूर निघाला. पॅनल उघडलं तर नारळाचा आंबूस वास.

"तूच काहीतरी केलंस," आबासाहेब सगळ्यांसमोर गरजले. "वाटोळं होवो म्हणाला होतास. पूजेलाही हात जोडत नाहीस!"

भीमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "नारळ कुनी फोडला? सांगा की रं! समद्यांनी बघितलंय!"

खोबरं खाल्लेली सगळी तोंडं गप्प. बरोबरीनं डबा खाणारा गोरक्षनाथसुद्धा पायाकडं बघत राहिला. भीमराजला त्याच दिवशी गेटाबाहेर काढलं.

पुढच्या दसऱ्याला गोरक्षनाथ चहाच्या टपरीवर भेटला. भीमराज तेव्हा टेम्पोवर हमाली करत होता.

"औंदा मशीनवर पाटी लावलीय," गोरक्षनाथ हळूच म्हणाला. "मशीनवर नारळ फोडू नये. मालकानंच लावली."

"म्हंजी त्याला ठावं हुतं!"

"व्हय. पन मी काय करनार? मला पोरंबाळं हायेत."

"आन माझी काय उकिरड्यावर सापडली व्हती?" भीमराजनं चहा त्याच्या पायाशी ओतला आणि पोतं उचललं.