नारळाची फडकी

सुंदरबाईच्या तोंडाला गल्लीत कोणी लागत नसे. ती कुणाला काय बोलेल याचा नेम नव्हता, आणि बोलून झाल्यावर ती स्वतःच विसरून जाई, म्हणून तिच्यावर कुणी फार दिवस रागही धरत नसे. धुळ्यापासून कोस-दीड कोसावर, पांझरेच्या काठी तिचं गाव. नवरा झुलालआबा तिच्यापुढं वर्षभर गप्पच असायचा. श्रावणातला एक रविवार मात्र असा होता, की त्या दिवशी सुंदरबाईच गप्प असायची.

तो कानबाईचा रविवार. नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. देवी म्हणजे नारळ. आजेसासूच्याही आधीपासून घरात असलेला, सुकून काळाकुट्ट झालेला नारळ. त्याला चांदीचे डोळे लावायचे, नथ घालायची, फडकी नेसवायची, म्हणजे मग तो नारळ राहत नाही. फडकी म्हणजे लाल रंगाचं, पिवळ्या टिपक्यांचं कापड. खानदेशातल्या बाया शुभकार्याला तेच डोक्यावर घेतात.

सासूनं हा मान सुंदरबाईच्या हाती दिला त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. मानाबरोबर दोन नियमही दिले होते. देवीच्या अंगाला सुई लागता कामा नये, सगळं गाठीनं आणि खोचून बसवायचं. आणि एकदा नेसवलं की नदीवर जाईपर्यंत सोडायचं नाही. नेसवणाऱ्या हाताची चूक झाली तर नारळ पुढच्या जावेच्या घरी जायचा. पुढची जाऊ म्हणजे तानुबाई. सुंदरबाईची आणि तिची बांधावरून, बोरीवरून, कशावरूनही जुंपायची. नारळ तिच्या घरी गेलेला पाहण्यापेक्षा आपण नदीत उडी घेऊ, असं सुंदरबाई म्हणायची, आणि ते खरंच मनापासून म्हणायची.

पण तीन वर्षांपासून तिला नीट दिसत नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरनं मोतीबिंदू सांगितला होता. ते तिनं आबालाही सांगितलं नाही. भाकरी ती वासावर भाजायची, माणूस चालीवरून ओळखायची. दिसत नाही असं एकदा तोंडातून गेलं, की नारळ गेलाच. 

एकोणीसशे पंचावन्नच्या त्या रविवारी ती नेहमीसारखी ओल्या केसांनी, नव्या बांगड्या भरून देवघरात बसली. प्रमिलाला, सुनेला, तिनं बाहेरच्या कामाला लावलं होतं. प्रमिला बोदवडकडची. तिच्या बोलण्याची सासू रोज टिंगल करायची. सुंदरबाईनं चौरंगावर कापड अंथरलं, गव्हाची रास घातली, वर कलश ठेवला. कलशावर नारळ. मेण बोटानं मऊ करून डोळे लावले. मग मांडीवरचं दुसरं कापड घेऊन बारीक बारीक चुण्या घातल्या, कमरेला खोचलं, पदर डोक्यावरून आणला. त्या चुण्या पाहायला आख्खी भावकी यायची.

प्रमिला आत आली आणि उभीच राहिली.

"काय व्हयनं?" सुंदरबाईनं विचारलं.

"काही नाही, आत्याबाई. छान नेसवलंत. आबा बाहेर हाक मारताहेत."

आबांनी हाक मारलीच नव्हती. सुंदरबाई त्यांना शोधून परत आली, तोवर बाया जमल्या होत्या. या वर्षी फडकीचा रंग भारी गडद आहे, असं कोणी तरी म्हणालं. सुंदरबाई सुखावली.

दिवेलागणीला आरती झाली. पदर सारखा करायला तिनं हात लावला आणि तिचा हात तिथंच थांबला. कापड ओलं होतं. बोटं नाकाशी नेली. हळदीचा कच्चा वास.

तिच्या ध्यानात आलं. चौरंगावर अंथरायचं पांढरं कापड आणि फडकी, दोन्ही नवी, दोन्हींना एकसारखी खळ. लाल फडकी गव्हाखाली गेली होती आणि देवीला तिनं पांढरं नेसवलं होतं. सोडता येत नाही, म्हणून पोरीनं अंगावरच कुंकवाचं पाणी फिरवलं होतं आणि बोटानं हळदीचे टिपके दिले होते. सुंदरबाईला रडू आलं. तिला लाज वाटत होती, आणि जिची आपण रोज टिंगल करतो तिनं हे झाकलं याची त्याहून जास्त लाज वाटत होती. तिनं सुनेला काही विचारलं नाही. पण कुंकवाचा रंग पाण्यात टिकत नाही, आणि सकाळी देवीला नदीत न्हाऊ घालायचं होतं.

सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन ती निघाली. पुढं डफ, मागं बाया. वाट तिच्या पायांना पाठ होती. नदीत गुडघाभर पाणी होतं. चौरंग काठावर टेकवून तिनं नारळ दोन्ही हातांत घेतला. एकदा बुडवला की रंग वाहून जाणार आणि प्रमिलाच्या नावानं गाव बोटं मोडणार. तिनं बुडवला नाही.

"आयका," ती मोठ्यानं म्हणाली. डफ थांबला. "माले दिसत नही. तीन वरीसपासून दिसत नही. धवळं कापड मीनी नेसाडं. रंग हाई पोरनी लाया, मन्हासाठे. चूक मन्ही शे. नारळ तानुबाईना घर जाऊ द्या."

तिनं नारळ पाण्यात बुडवला. लाल रंग तिच्या मनगटांवरून वाहून गेला.

मग पाण्यातून पावलं जवळ आली. ही चाल तिनं हजारांत ओळखली असती.

"अक्का," तानुबाई म्हणाली, "बठ्ठासले, आख्खा गावले, माहीत शे तुले दिसत नही. मागला दोन वरीस नथ तू उजवीकडे लायेल व्हती. तू आरतीना ताट लेवाले गयी का, मी ती डावीकडे फिराई दिवू."

सुंदरबाईनं नारळ छातीशी धरला. ती म्हणाली, "मंग सांगं का नही? नारळ तुना घर येता."

"देवीले तुनाच हातनी सवय शे," तानुबाई म्हणाली. तिनं आपल्या डोक्यावरची फडकी काढली आणि भिजलेल्या देवीवर पांघरली. सुंदरबाईनं त्या फडकीची कड मुठीत धरली, ती घर येईस्तोवर सोडली नाही.

नारळ कुठंच गेला नाही. पुढच्या वर्षापासून प्रमिला नेसवू लागली आणि सुंदरबाई शेजारी बसून चुका काढू लागली. बांधावरून तानुबाईशी तिचं भांडण चालूच राहिलं. नेसवताना प्रमिला दरवर्षी विचारायची, "आत्याबाई, नथ कोणत्या बाजूला?" तिला ते पक्कं माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे सुंदरबाईलाही माहीत होतं. तरी ती हात पुढं करायची, नारळ नीट चाचपायची आणि सांगायची, "डावीकडे."