डॅशबोर्डमागची चावी

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही छातीठोक सांगता येणार नाही. पण कडा गावातली ती गाडीचोरी काही डोक्यातून जात नाही, आणि आठवली की उगाच थकल्यासारखं होतं.

मी तेव्हा आष्टी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कड्यातल्या मंगल कार्यालयाबाहेरून भरदुपारी एका पुढाऱ्याची पांढरी गाडी गेली. काच फुटली नव्हती, कुलूप तुटलं नव्हतं. हल्लीच्या गाडीच्या चावीत चिप असते. ती जवळ नसेल तर इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. पुढाऱ्यांनी फिर्यादीत सांगितलं, "कंपनीनं दोन चाव्या दिलत्या. एक कवाच हरवली. दुसरी ड्रायव्हरच्या खिशात. मग गाडी काय भुतानं नेली?"

ड्रायव्हर पुढाऱ्यांच्याच गावचा, कैक वर्षं त्यांच्याकडे राबलेला. आमची जीप गावात गेली आणि चारचौघांसमोर त्याला चौकशीसाठी घेऊन आली.

दोषी माणूस न विचारता खुलासे देत सुटतो, हा माझा अनुभव. हा मात्र एकच विचारत होता, "मालकानं असं काहून म्हणलं आसंल, साहेब? मी तर पंगतीत जेवाया बसलतो."

मी विचारलं, "गाडीला काही खोड होती का?"

"रिमोटची लई कटकट हाय."

या रिमोटची गंमत अशी. सत्कारातून बाहेर पडल्यावर पुढाऱ्यांना गाडी एसीने आधीच थंडगार झालेली हवी असायची. म्हणून त्यांनी बीडच्या एका दुकानातून तो बसवून घेतला होता. स्टेजवरून बटण दाबायचं, बाहेर रिकामी गाडी सुरू व्हायची आणि चार माणसं तोंडात बोट घालायची. तोरा तेवढाच! पण गाडी सुरू व्हायची आणि दोन सेकंदांत गप्प बसायची. तीनदा बीडला नेली.

"तिसऱ्या खेपेला मालक आन् दुकानदार आत बोलत बसले," ड्रायव्हर म्हणाला. "मला म्हणले, तू चहा पिऊन ये. तवापासून नीट चालली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, कड्याच्या पल्याड एका शेडात पांढरी गाडी हाय. सारखी चालू करत्यात आन् सारखी बंद पडतीया. काय भानगड हाय बगा."

दुखणं ओळखीचं होतं. पंच घेऊन निघालो. शेडात डॅशबोर्ड उघडा पडलेला, आणि स्टिअरिंगखाली डोकं घालून बीडचा तो दुकानदार आपल्याच हातच्या कामाला शिव्या घालत होता. आत चिकटपट्टीने चिकटवलेली एक चावी सापडली, हरवली म्हणून सांगितलेली. तिची चिप आत असल्यामुळे रिमोटने गाडी चालायची. खाचखळग्यांत आणि उन्हात पट्टी सुटली, चावी जागेवरून सरकली आणि गाडी पुन्हा रुसली. चावी आत बसवण्याआधी दुकानदाराने तिच्यावरून चिप नसलेली साधी चावी बनवून घेतली होती. चिप गाडीतच असल्यामुळे दार उघडायला आणि गाडी न्यायला तेवढी पुरली.

ठाण्यात मी विचारलं, "खरी चावी तुला दिली कुणी बे?"

"मालकानंच की! म्हणले, कसंबी कर, पन कार्यक्रमात माझी लाज जाऊ देऊ नको."

पुढाऱ्यांना बोलावलं. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "चावी गाडीतच ठिवलती म्हणलं तर विमावाले आडवे लागत्यात वो."

"आणि तुमचा ड्रायव्हर आत गेला असता तर?"

"तुमी सोडलाच असता की."

संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर फिर्यादीच दोर वळून देत होता. वर ड्रायव्हरला म्हणतात कसे, "चल, झालं गेलं. उद्या कामावर ये."

तो जागचा हलला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, मला नेलं तवा समद्या गावानं बगितलं. आता सोडल्यालं बी बगू द्या की."

असं काही आमच्या कामकाजात बसत नाही. तरी गेलो. वर्दीत, त्याच जीपने. गावच्या हॉटेलात त्याला शेजारी बसवून चहा घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चोर सापडलाय. यानं काही केलेलं नाही." लोकांनी माना हलवल्या. "आमाला ठावंच होतं," एकजण म्हणाला. बरं वाटलं.

जीपकडे वळलो तसा मागून आवाज आला, "चहासंगं काय पाजलं बे साहेबाला?" लोक हसले. मी ऐकलं. त्यानेही ऐकलं. तो मान खाली घालून कप गोळा करत राहिला.

गाडीचा पंचनामा झाला, कोर्टाचा आदेश झाला, गाडी मालकाच्या ताब्यात गेली. माणसाचं गेलेलं नाव त्याच्या ताब्यात कसं द्यायचं, ते कलम मला निवृत्तीपर्यंत सापडलं नाही. पुढे कुणाला चौकशीला आणायचं झालं तर मी जीप गावाबाहेर उभी करायचो आणि शिपायाला साध्या कपड्यांत आत पाठवायचो. एवढंच शिकलो. त्या ड्रायव्हरला त्याचा काही उपयोग झाला नाही.