ब्रेकमधली हवा

"दाब, दाब, दाब. आता धरून ठेव," गाडीखालून ह्यांचा आवाज आला. ब्रेकच्या तेलात हवा शिरली होती, ती काढायची होती. मी पेडल दाबून धरलं. ह्यांनी चाकामागचा नट ढिला केला आणि पेडल माझ्या पायाखालून सरळ तळाला गेलं.

"अहो, गेलं खाली!"

"जाऊ दे. मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस, नाहीतर हवा परत आत जाईल."

हे असंच होणार, ठाऊक होतं, तरी मी दचकून स्टिअरिंग धरलं. जिना संपला म्हणून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं. मुलांना मागे बसवून घाट उतरताना आपण विसंबतो कशावर, तर करंगळीहून बारीक नळीतल्या तेलावर. आणि ते फसायला एक बुडबुडा पुरतो.

शेवटी पेडल घट्ट लागलं. हे हात पुसत बाहेर आले. "ब्रेकच्या एबीएसच्या डब्यात थोडी हवा अडकली असेल, तर ती मात्र गॅरेजमध्ये मशीन लावल्याशिवाय निघत नाही."

"म्हणजे आहे की नाही?"

"बहुतेक नसेल. उतर आता."

गाडी बंद होती, चाकांना विटा लावलेल्या होत्या. तरी माझा पाय ब्रेकवरून निघेना.