बाबांच्या गाडीचा खुळखुळाट

हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावच्या गल्लीत बाबांची जुनी व्हॅन रोज सकाळी धक्क्यावर चालू व्हायची. बॅटरीत जीव नव्हता, पण नवी घ्यायचं बाबा नावच काढत नसत. तोंडात ब्रश धरलेले शेजारी, दूध घालून परतणारे, पलीकडच्या घरातले चाचा, सगळे मागून रेटायचे आणि बाबा आत ऐटीत बसून ‘अजून, अजून’ म्हणायचे. गाडी एकदाची भुर्र झाली की कापडाचे गठ्ठे घेऊन ते आठवडी बाजाराला निघत. त्या रोजच्या तमाशाची मला लाज वाटायची. त्यांना कधीच वाटली नाही.

पुढे गाडीच्या पोटाखालून एक आवाज येऊ लागला, डब्यात खडे घालून हलवावेत तसा. ‘म्हातारी झाली, हाडं वाजून राहिली तिची,’ म्हणत बाबांनी तो हसण्यावारी नेला. आईला मात्र तो आवाज सोयीचा झाला. गाडी वळणावर आली की तिला चुलीपाशी बसल्या बसल्या कळायचं. ‘येऊन राहिले,’ म्हणत ती तवा चढवायची. बाबा गावात आल्याशिवाय तिनं संध्याकाळचा घास कधी तोंडात घातला नाही.

गेल्या थंडीत बाबा गेले. तोवर आईचं विसरणं सुरू झालं होतं. ते गेले, हेही ती विसरली.

मी सेनगावच्या शाळेत शिकवते. बाबांचीच व्हॅन घेऊन जाऊ-येऊ लागले. आता गल्ली मला धक्का द्यायची आणि माझी लाज कुठल्या कुठे पळाली होती. संध्याकाळी खुळखुळाट ऐकला की आई ताटं मांडायची. मी एकटीच आत आलेली पाहून विचारायची, ‘आन् ते?’ मी सांगायचे, ‘पारावर बसलेत, तू जेवून घे.’ गाडी आली म्हणजे ते आले, एवढं तिला पुरायचं. ती पोटभर जेवायची.

मग गाडीचा दम जाऊ लागला. सपाट रस्त्यावर कशीबशी चालायची, चढ आला की पाय पूर्ण दाबूनही हलायची नाही. मागून नासक्या अंड्यांचा वास यायचा. मी प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोल पंपाला शिव्या घालून झाल्या. शेवटी हिंगोलीच्या एका मिस्त्रीकडे नेली.

त्यानं सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि मान हलवली. धूर जेमतेम येत होता. मग पुढच्या पाइपातला सेन्सर काढून त्यानं गाडी पळवून आणली. त्या भोकातून धुराला वाट मिळाली आणि कानठळ्या बसवणारा आवाज करत ती भरधाव गेली.

‘तकलीफ इंजिनात न्हाई, मॅडम. धूर अडकून राहिला,’ तो म्हणाला. मधल्या लोखंडी डब्यावर त्यानं रबरी हातोडी मारली. आत तोच आवाज झाला, खुळखुळ. ‘धक्का देऊन चालू करता का?’

‘रोज.’

‘बराबर. धक्का देताना न जळलेलं कच्चं पेट्रोल या डब्यात जातं आन् तिथंच पेटतं. धूर साफ करणारी जाळी असती आत, ती वितळून तुटली. तुकड्यांनी वाट बुजवली.’

आमच्या अख्ख्या गल्लीच्या मायेनं तो डबा जाळला होता. आतली जाळी फोडून डबा रिकामा करून देतो, असंही तो म्हणाला. मी नको म्हटलं. डबा नवा बसवला, बॅटरीही नवी घातली. जुना डबा मात्र पोत्यात गुंडाळून बरोबर घेतला. जुना पार्ट गॅरेजात सोडून यायचा नाही, ही बाबांची शिस्त.

बाबांची गाडी नीट केली म्हणून मी खुशीत घरी आले. आई ओसरीवर बसली होती. ती उठली नाही.

‘कोणाची गाडी आली गं?’

‘आपलीच. बाबा पारावर बसलेत, चल जेवायला.’

‘गाडी आली न्हाई, मंग ते कसे येतील?’

काही केल्या ती ताटावर बसेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. तिचे हात धरून मी खरं ते सांगितलं. ती अशी रडली, जणू बाबांना आत्ताच अंगणातून उचलून नेलं होतं. शेजारच्या बायका धावत आल्या. सकाळी ती उठली आणि मला म्हणाली, ‘काहून गं, डोळे काहून सुजले तुझे?’

पुन्हा तिला ते सांगायची माझ्यात ताकद नव्हती. त्या संध्याकाळी मी गाडी घराच्या कुडाच्या अलीकडे थांबवली, पोत्यातून तो गंजका डबा काढला आणि दोन्ही हातांनी हलवला. घरातून ताटांचा आवाज आला. ‘येऊन राहिले,’ आई म्हणाली. ती भाकरी कुस्करून जेवली. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आता हे रोजचंच झालंय. गल्लीतले लोक बघतात आणि आपापल्या कामाला लागतात. फक्त डबा हलवला की त्यातून जाळीचा थोडा करडा भुगा माझ्या पायांवर सांडतो. कालचा आवाज बारीक होता. आईनं तो ऐकला, पण जरा उशिरा.